भोंगा न वाजवता गेलेली बोट

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्यानं आधी आपण कोण ते सांगायचं असतं. माझी तिथेच पंचाईत होते. मी एक जुनी बोट आहे असं म्हणावं, तर बोट आता उरलेली नाही. माझे पत्रे वितळवले, त्यांच्या सळया झाल्या आणि त्या सळया कुणाकुणाच्या घरांच्या भिंतींत जाऊन बसल्या. माझ्या नाचघरातल्या मखमली खुर्च्या एका चहाच्या दुकानात आहेत. म्हातारे त्यांवर बसून सोंगट्या खेळतात आणि एकमेकांवर चिडतात. मी आता एका जागी नाही, पुष्कळ जागी थोडी थोडी आहे. अशा अवस्थेत झोप आणि जाग यांत फारसा फरक राहत नाही. दुपारी भिंत तापली की मला समुद्र आठवतो. मग आठवतच राहतो.

माझं नाव गालिनी. वारा पडल्यावर समुद्र निपचित होतो ना, त्याला आमच्याकडे गालिनी म्हणतात. नाव शांत असलं तरी मी काही शांत नव्हते. चांगली मिजासखोर होते. मुलांसमोर खोटं कशाला बोलू?

माझा जन्म इटलीत त्रिएस्तेच्या गोदीत झाला. माझ्या पोटात शिरून शेकडो माणसं ठोकठोक करत असत आणि दुपारी तिथेच सावलीला पाव-कांदा खात असत. एके सकाळी त्यांनी माझ्याखालचे अडसर काढले. मी चरबी लावलेल्या फळ्यांवरून सरसर घसरत गेले आणि पहिल्यांदा पाणी लागलं. अंगावर शहारा आला. पाणी इतकं मऊ असतं आणि तरीही ते आपल्याला उचलून धरतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

माझ्या मालकांच्या देशात, पिरेयस बंदरात आले तेव्हा पाद्रीबाबांनी तुळशीची जुडी पाण्यात बुडवून माझ्यावर शिंपडली. सुकाणूच्या खोलीत संत निकोलसची तसबीर लागली, तिच्यापुढे दिवा लागला आणि मी कामाला लागले.

काम काय, तर माणसांना समुद्रावरून हिंडवून आणायचं. सोमवारी पिरेयस सोडायचं, बेटं बेटं करत वर जायचं, इस्तंबूलचे मिनार दाखवायचे आणि पुन्हा बेटं बेटं करत खाली यायचं. काय दिवस होते ते. संध्याकाळी नाचघरात दिवे लागत, वाजंत्री सुरू होई आणि बायकांच्या झग्यांचे घेर माझ्या लाकडी जमिनीवरून फिरत. मला गुदगुल्या होत. नवी लग्न झालेली जोडपी कठड्याला टेकून तासन्‌तास पाण्याकडे बघत. मला वाटे, सगळे माझ्याकडेच बघतायत.

या सगळ्या थाटामागे एक माणूस होता, त्याची ओळख करून देते. पांतेलिस. तो माझा सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. दोरखंड, नांगर, रंग, होड्या, सगळं त्याच्या हाताखाली. लहानशा होडीत बसून तो माझ्या कुशीला रंग देई तेव्हा मी श्वास रोखून उभी राहायची. गंजाचा ठिपका दिसला की म्हणायचा, "काय गं बाई, पुन्हा?" आणि खरवडायला घ्यायचा. कप्तान बदलले, आचारी बदलले, वाजंत्री बदलली. पांतेलिस मात्र राहिला.

तो खिओस बेटाचा. बेटाच्या उत्तर टोकाला आस्प्रोपेत्रा नावाचं त्याचं गाव आहे. सगळं गाव दर्यावर्दी. घरं अशी चढावर बांधलेली की एकेका सज्जातून समुद्र दिसलाच पाहिजे. आमचा रस्ता त्याच गावासमोरून जाई, दर गुरुवारी दुपारी, किनाऱ्यापासून दोनेक मैलांवरून. आता त्या गावची रीत ऐका. बोटीवर गावचा माणूस असला की बोटीनं गावासमोर तीनदा लांब भोंगा वाजवायचा. म्हणजे, मी आहे, बरा आहे. मग त्याच्या घरच्या बाईनं सज्जात येऊन पांढरी चादर झटकायची. म्हणजे, मीही आहे, दिसलास. देवळाची घंटा दोन ठोके देई आणि बोट पुढे जाई. आमच्या प्रवाशांना वाटे, हे स्वागत आपलंच. बिचारे टोप्या हलवत.

दर गुरुवारी पांतेलिस हात पुसून कठड्याशी उभा राही. माझा भोंगा वाजे आणि वरच्या आळीतल्या तिसऱ्या घराच्या सज्जात एक पांढरा ठिपका हले. ती त्याची बायको, अंथी. मुलगी झाली तेव्हा सज्जात दोन ठिपके हलले, एक मोठा, एक छोटा. तेव्हा पांतेलिसला कळलं की आपण बाप झालो. मुलगी मोठी झाली, लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली आणि पुन्हा एकच ठिपका राहिला.

या रिवाजाला एक दुसरी बाजूही होती. एकदा त्या गावचा एक भटारी माझ्यावरच वारला. भला माणूस, झोपेतच गेला. त्या गुरुवारी आम्ही भोंगा वाजवला नाही. गावचा माणूस बोटीवर मेला तर बोटीनं गावासमोरून मुकाट जायचं, हीसुद्धा रीतच. आम्ही गुपचूप पुढे सरकलो. सज्जांत वाळत घातलेल्या सगळ्या चादरी एकेक करून आत गेल्या आणि घंटेचे सावकाश, लांब लांब ठोके पडू लागले. आमचे प्रवासी म्हणाले, किती गोड घंटा आहे. तो भटारी अंथीचा सख्खा भाऊ होता. तिला ती बातमी कुणी येऊन सांगितली नाही. माझ्या गप्प बसण्यातून तिला ती कळली, पण भाऊ गेला की नवरा, हे तार येईपर्यंत तिला ठाऊक नव्हतं.

वर्षं गेली. मोठमोठ्या नव्या बोटी आल्या. त्यांच्यापुढे मी म्हणजे लग्नघरातली जुनी पितळी समई. कुणी म्हणे पंखे आवाज करतात, कुणी म्हणे खोल्या लहान. एका हंगामानंतर मला एलेफ्सिनाच्या खाडीत नेऊन बांधलं. तिथे माझ्यासारख्या कितीतरी होत्या, एकमेकींना खेटून उभ्या, कुणी कुणाशी बोलत नसे. पाणी हलत नव्हतं. नाव गालिनी असून मला त्या निपचित पाण्याची किळस आली.

पांतेलिस राखणदार म्हणून माझ्याबरोबरच राहिला. दुसरा कुणीही राहिला असता, पण हा हटून बसला. "तिला एकटी कशी सोडू?" म्हणे.

एक दिवस अंथी आली. बेटावरून फेरीबोटीनं आली, हातात डाळिंबी उसळीसारख्या शिजवलेल्या वालांचा डबा घेऊन. इतकी वर्षं जिला मी ठिपका म्हणून ओळखत होते, ती जिन्यावरून वर येत होती. ठेंगणी, गोरीपान, नाकावर रागाची लाली. मध्येच थांबली, छातीवर हात ठेवला, पिशवीतून गोळी काढून जिभेखाली धरली आणि मग पुढे आली.

"डॉक्टर काय म्हणाला?" पांतेलिसनं विचारलं.

"म्हणाला, जिने चढू नका आणि धक्का बसेल असं काही ऐकू नका. मी म्हटलं, माझा नवरा दर्यावर आहे, तुम्ही दुसरं औषध सांगा."

ती नाचघरात आली. दिवे नव्हते. गोल खिडक्यांतून थोडं ऊन येत होतं. तिनं खुर्चीची मखमल बोटांनी चाचपली आणि खांबावर टकटक केलं. ते थेट माझ्या बरगडीवर लागलं.

"ही होय माझी सवत," ती म्हणाली. "देखणी आहे हो. वय झालंय, पण ठेवण चांगली."

"अंथी, काय बोलतेस."

"खरं तेच बोलते. तुझं लग्न हिच्याशी झालंय आणि माझं हिच्या भोंग्याशी. तीस उन्हाळे मी तुला दोन मैलांवरून बघतेय, पांतेली. मला तर वाटतं, तू जवळ आलास की मी तुला ओळखत नाही. हिला गंज चढेल म्हणून इथे राहतोस. मला चढतोय त्याचं काय?"

पांतेलिस डब्याचं झाकण उघडू लागला. खरं सांगते, मला शरम वाटली. त्याचे ते रंग देणारे हात मला माझे हक्काचे वाटत होते.

मग त्यानं तिला सांगितलं की मला मोडीत काढायचं ठरलंय. समुद्रापलीकडे तुर्कस्तानात, आलिआगाच्या किनाऱ्यावर. तो शेवटपर्यंत बरोबर जाणार, मला किनाऱ्याला लावणार, संत निकोलसचा दिवा स्वतः विझवणार आणि मग घरी येणार, कायमचा.

"रस्ता आपल्या गावासमोरूनच आहे," तो म्हणाला. "जाताना तीन भोंगे देईन. चांगले लांब."

"दे. मी असेन सज्जात." ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. "पण बजावून ठेवते. न वाजवता गेलास, तर मी तुला मेला धरीन. माझं हे काळीज दुसऱ्यांदा ती घंटा सोसायचं नाही."

ती हसत म्हणाली खरी, पण तिचा हात पुन्हा छातीवर गेला होता.

आम्ही निघालो तेव्हा वसंत होता. माझ्यावर मोजकीच माणसं होती. कप्तान स्त्रातिस, म्हातारा आणि तिरकस. इंजिनवाला आर्गिरिस, डोंगराकडचा, अबोल, कामाला वाघ. आणि पांतेलिस. आणखी दोघेतिघे खलाशी. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात इंजिन धडधडलं आणि मला वाटलं, चला, आपल्या पायांनी चालत जायचं आहे, एवढं तरी सुख.

तेही लाभलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भर समुद्रात इंजिन थंड पडलं. आर्गिरिस बिचारा घामाघूम झाला. इंजिन चालू करायला दाबलेली हवा लागते, ती मोठ्या लोखंडी बाटल्यांत भरून ठेवलेली असते. त्यानं ती हवा इंजिनाला दिली, इंजिन खोकून गप्प झालं. पुन्हा दिली, पुन्हा तेच. शेवटी बाटल्या फुस्स झाल्या. कप्तानानं बिनतारी यंत्रावरून तुर्कांची टगबोट मागवली आणि थोड्या वेळात बॅटऱ्यांनीही डोळे मिटले. टगबोट आली, दोर बांधला आणि मला खेचत नेऊ लागली. सगळं नियमाप्रमाणेच झालं होतं. पण माझा भोंगाही त्याच हवेवर वाजतो, हे पांतेलिसला आठवलं तेव्हा खिओसचे डोंगर दिसू लागले होते.

तो खाली धावत गेला. "आर्गिरिस, भोंग्यापुरती हवा आहे ना?"

"भोंग्याला कशाला हवी?"

"अरे, आमचं गाव येतंय."

आर्गिरिस त्याच्याकडे बघत राहिला. डोंगरातला माणूस तो. "इंजिनासाठी हवा राखतात. गावासाठी राखतात हे मला कुणी सांगितलंच नाही, दादा."

तो खरं बोलत होता. पांतेलिस जिन्यावरच बसला. तळहातांनी गुडघे चोळू लागला.

वर आल्यावर कप्तानानं सगळं ऐकलं. "टगवाल्याला खूण करतो. तो वाजवील तीनदा."

"तुमच्या घशातून माझी हाक निघेल का, कप्तान?" पांतेलिस म्हणाला. "गावातली पोरंसुद्धा हिचा आवाज ओळखतात. धूर नाही, आवाज नाही, परक्या बोटीनं ओढत नेलेली गालिनी दिसली, आणि वर ती परकी बोटच ओरडली, तर लोक काय समजतील? मी मेल्याचंच सांगायला आली असं समजतील."

"मग कठड्याशी उभा राहून हात हलव."

"दोन मैलांवरून माणूस दिसतो?"

"तीन दिवसांनी घरी जाशीलच की."

"तोवर ती राहील का?" पांतेलिस म्हणाला.

मित्रांनो, त्या वेळी माझी काय दशा झाली म्हणून सांगू. हजारदा मी त्या गावासमोर ओरडले होते. कधी नुसती ऐट म्हणून. आता एका बाईचा जीव माझ्या आवाजावर टांगला होता आणि माझ्या गळ्यात फुंकरीएवढी हवा नव्हती. मी सगळ्या अंगानं प्रयत्न केला. एक दार करकरलं, बस.

गाव दिसू लागलं. दुपारचं ऊन, पांढरी घरं, वरच्या आळीत तिसऱ्या सज्जात पांढरा ठिपका तयार होता. टगबोट मला बैलासारखी ओढत होती. आम्ही गावासमोर आलो. गावानं वाट पाहिली. मग इतर सज्जांतल्या चादरी एकेक करून आत गेल्या.

घंटेचा पहिला ठोका पडला, लांब. मग दुसरा.

पांतेलिस कठड्याजवळून वळला आणि मागच्या बाजूला गेला. तिथे ती लहान होडी होती, रंगाच्या ठिपक्यांनी भरलेली, जिच्यात बसून तो मला रंग देई. तो तिचे दोर सोडू लागला.

"काय करतोयस?" कप्तान.

"घरी जातोय."

"बोट ओढली जात असताना सारंग उतरतो? असं कधी ऐकलंय?"

"नाही ऐकलं, कप्तान."

"आणि हिच्याबरोबर शेवटपर्यंत राहणार होतास, त्याचं काय?"

पांतेलिसचे हात थांबले. त्यानं माझ्या कठड्यावर तळहात ठेवला. किती वेळ, कुणास ठाऊक. मला वाटत होतं, नको जाऊस. त्या अनोळखी किनाऱ्यावर मला एकटीला भीती वाटेल. दिवा दुसरा कुणीतरी विझवील. हे मला वाटत होतं, आणि तिकडे घंटा वाजत होती. मग मला ती जिन्यावर थांबून गोळी घेणारी बाई आठवली. मी मनात म्हटलं, जा रे बाबा. माझं लोखंडाचं आहे, मी निभावीन.

मी म्हटलेलं त्याला कळायचं कारण नाही. पण त्यानं हात उचलला.

"उभा काय राहिलास?" कप्तान आर्गिरिसवर खेकसला. "दोर धर त्याचा." आणि स्वतः पुढे जाऊन टगबोटीला हळू चालायची खूण करू लागला.

त्यांनी होडी खाली सोडली. पांतेलिस वल्ही मारू लागला. पाणी निपचित होतं, अगदी माझ्या नावासारखं. होडी लहान होत गेली. त्याच्याच नावानं वाजणाऱ्या घंटेच्या दिशेनं तो वल्हवत होता आणि कधी नव्हे ती घाई करत होता. तीस वर्षांत आमच्यातल्या कुणीही ते दोन मैल असे ओलांडले नव्हते.

आम्ही पुढे सरकत होतो. कप्तानाच्या डोळ्यांना दुर्बीण होती, आर्गिरिस शेजारी ताटकळत उभा.

"पोचला का?"

"पोचतोय. धक्क्यावर माणसं जमलीत." कप्तानानं दुर्बीण देवळाकडे वळवली. "घंटेवाल्याला कुणीतरी सांगा रे आता."

घंटा थांबली. मग एकदम वेडीवाकडी, भरभर वाजू लागली, ईस्टरच्या मध्यरात्री वाजते तशी. ताल नाही, काही नाही.

"बायको आली का? ठीक आहे ना?"

"आली. पायऱ्या उतरून आली, दोघी बायांनी धरलंय." कप्तानानं दुर्बीण नीट केली. "मारतेय त्याला."

"मारतेय? कशानं?"

"चादरीनं." कप्तानानं दुर्बीण आर्गिरिसच्या हातात दिली आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

माझं पुढचं फार नाही. आलिआगाला टगबोटीनं मला किनाऱ्यात रुतवलं. दिवा कप्तान स्त्रातिसनं विझवला आणि संत निकोलसची तसबीर कोटाखाली धरून तो उतरून गेला. मग तुर्की कामगार आले. पत्रा कापायची पहिली ज्योत लावण्याआधी त्यांच्यातल्या एकानं माझ्या पत्र्यावर हात ठेवला आणि देवाचं नाव घेतलं. दुखेल असं वाटलं होतं. तसं दुखलं नाही. उन्हाळ्यात बर्फ विरघळावा तशी मी रोज थोडी थोडी कमी होत गेले. आधी नाचघर गेलं, मग धुराडं, मग खोल्या. जिथून माझा एक तुकडा जाई, तिथून थोडं आकाश आत येई.

भाद्रपदासारखे दिवस होते, उन्हाला धार उरली नव्हती. माझं नाक तेवढं उरलं होतं, नावाची अर्धी अक्षरं घेऊन. किनाऱ्यावर दोन माणसं आली, फेरीबोटीनं समुद्र ओलांडून, बस बदलत. एक बुटका, रुंद खांद्यांचा. एक ठेंगणी बाई, काठी टेकत.

पांतेलिस कुंपणाशीच थांबला. त्याला बघवेना. "इथूनच बघू," तो म्हणाला. "चिखल आहे. लांबूनच दिसतंय सगळं."

"लांबून पुष्कळ झालं," अंथी म्हणाली. तिनं चपला काढून हातात घेतल्या, त्याच्या दंडाला धरलं आणि चिखलातून त्याला माझ्यापर्यंत आणलं.

तिनंच पहिल्यांदा माझ्या गंजक्या पत्र्याला हात लावला. "काय गं सवती," ती हळूच म्हणाली, "एकटीच होतीस का?"

मित्रांनो, तुमच्या गावातही असं काही असेल. जुनी एसटी, जुना नांगर, मोडक्या पायाला लाकूड लावलेली शिवणयंत्रं, खाटेवर पडून असलेली माणसं. त्यांनी तुमच्यासाठी पुष्कळ केलेलं असतं आणि रस्त्यावरून जाताना तुम्ही हात हलवता, हेही मला ठाऊक आहे. माझं मागणं एवढंच की एकदा उतरा, चपला हातात घ्या आणि जवळ जा.